सर लॅन्सलॉट यांचा राउंड : इंग्रजी इस्पितळी विनोदाचा पूर्वेतिहास

लंडनमधील सेंट बार्थोलोम्यूज हे रुग्णालय, ज्याला तेथील विद्यार्थी ‘बार्ट्स’ म्हणतात, ११२३ मध्ये राहेअर नावाच्या ज्या धर्मसेवकाने स्थापन केले, तो पूर्वी पहिल्या हेन्री राजाच्या दरबारी विदूषक होता, असे परंपरा सांगते. कथेचा आधार कच्चा असला तरी ती त्या जागेला शोभून दिसते. कारण पुढे लंडनच्या रुग्णालयांत नाताळाच्या दिवसांत विद्यार्थी आणि कनिष्ठ डॉक्टर एकेका वॉर्डात जाऊन आपल्याच वरिष्ठांची नक्कल करणारी प्रहसने सादर करीत, आणि ज्यांची नक्कल व्हायची ते शल्यविशारद त्याच वॉर्डात टर्की कापून रुग्णांना वाढीत. वर्षभर ज्यांच्यासमोर तोंड उघडण्याची सोय नव्हती, त्यांची टिंगल करण्याची ही ठरावीक मुभा होती.

साहित्यात हा विद्यार्थी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) ठसठशीतपणे दिसतो. बॉब सॉयर आणि बेन ॲलन हे दोघे खाता खाता शवविच्छेदनाच्या गोष्टी करतात : वर्गणी काढून शव घ्यायचे ठरले आहे, हात कोणी घ्यायचा तेही ठरले आहे, पण डोक्याला गिऱ्हाईक मिळत नाही. या संवादामागे चारच वर्षांपूर्वीचा कायदा उभा आहे. १८३२ च्या ‘ॲनाटॉमी ॲक्ट’नुसार गरिबांच्या ‘वर्कहाउसां’त व रुग्णालयांत मेलेल्या बेवारशांची शवे शिकवणीसाठी देता येऊ लागली होती, म्हणजे ज्या देहावर विनोद चाले तो प्रायः गरिबाचा असे. डिकन्सने हे कोठे उच्चारलेले नाही, पण त्याच्या वाचकाला ते सांगावे लागत नव्हते.

जिवंत गरिबाची स्थिती फारशी वेगळी नव्हती. लंडनची मोठी रुग्णालये देणग्यांवर चालणारी ‘व्हॉलंटरी’ रुग्णालये होती. तेथील वरिष्ठ डॉक्टर ‘ऑनररी’ असत, म्हणजे वॉर्डात विनावेतन काम करून पैसा खाजगी व्यवसायात मिळवीत, आणि त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या गटाला ‘फर्म’ म्हणत. रुग्णाला उपचार फुकट मिळत. त्याची किंमत तो विद्यार्थ्यांना आपले पोट, छाती, जीभ तपासू देऊन चुकवी. ही मानद पद्धत मुंबईच्या जे. जे., के. ई. एम. यांसारख्या रुग्णालयांतही रुजली होती, त्यामुळे ‘ऑनररींचा राउंड’ म्हणजे काय हे तेथे शिकलेल्या मराठी डॉक्टरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

रिचर्ड गॉर्डन या टोपणनावाने लिहिणारे गॉर्डन ऑस्टलिअर हे बार्ट्समध्येच शिकलेले भूलतज्ज्ञ. १९४९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी भूलशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९५२ मध्ये ‘डॉक्टर इन द हाउस’ ही कादंबरी. १९५४ मध्ये राल्फ थॉमस यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालला. नायक सायमन स्पॅरो (डर्क बोगार्ड) असला तरी लोकांच्या लक्षात राहिले ते जेम्स रॉबर्टसन जस्टिस यांनी रंगवलेले दाढीवाले, गडगडाटी सर लॅन्सलॉट स्प्रॅट. राउंडच्या प्रसंगात ते विद्यार्थ्याला रुग्णाच्या पोटावर छेदाची रेघ आखायला लावतात; ती त्यांना फारच तोकडी वाटते, म्हणून स्वतः भली मोठी रेघ ओढतात, आणि घाबरलेल्या रुग्णाला बजावतात की त्याने काळजी करू नये, या गोष्टीशी त्याचा काहीएक संबंध नाही.

या प्रसंगात हसू येते ते रोगाला नव्हे, हुद्द्याला. पूर्ण चित्रपटात विद्यार्थी भितात ते स्प्रॅटना, मेट्रनला आणि परीक्षकांना. आजार त्यांना सहसा भिववीत नाही, कारण तो कडेला ठेवला आहे. ही पळवाट म्हणता येईल, पण रोज मृत्यू पाहणाऱ्या विशीतल्या मुलांना तो पाहत राहण्यासाठी कसलीतरी आड लागते, आणि वरिष्ठाची भीती ही त्यातल्या त्यात सोयीची आड होती. शिवाय चित्रपट आला तेव्हा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला सहा वर्षे होत होती; ‘ऑनररी’ आता पगारी झाले होते आणि रुग्ण करदाता. स्प्रॅट यांच्यावर प्रेक्षक इतक्या मायेने हसला, त्याचे एक कारण ते संस्थान खालसा झाले होते, हे असावे.

१९६९ मध्ये हीच कथावस्तू दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा लेखकांत ग्रेम गार्डन आणि बार्ट्सचे ग्रॅहम चॅपमन हे पात्रताधारक डॉक्टर होते. विनोद अजूनही घरचाच होता. ‘कॅरी ऑन नर्स’ने (१९५९) मात्र त्याआधीच कॅमेरा खाटांकडे वळवला होता, आणि एरिक चॅपेल यांच्या ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ (१९७९-८२) या मालिकेत तर तीन रुग्णच नायक झाले : ट्रकचालक फिगिस, उच्चभ्रू ग्लोव्हर आणि भाबडा नॉर्मन. डॉक्टर थॉर्प स्प्रॅटसारखाच आढ्यतेखोर आहे, पण रुग्ण आता उलट बोलतात. वॉर्डातील परिचारकाचे आडनाव आहे गुप्ते. ब्रिटनची आरोग्य सेवा तोवर भारतीय उपखंडातून आलेल्या मनुष्यबळावर बरीच विसंबून होती. मालिकेने त्याला वॉर्डात जागा दिली खरी, परंतु ती डॉक्टरची नव्हे. ही भूमिका करणारे डेरिक ब्रांच मुंबईत जन्मलेले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले होते.