गुजकेट, जेईई की एमएचटी-सीईटी? बारडोलीच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी बीजगणिताची तयारी

बारडोली (जि. सुरत) : सुरत-धुळे महामार्ग आणि ताप्ती खोऱ्यातली रेल्वे यांमुळे बारडोली आणि खानदेश यांचं नातं जुनं आहे. ऊसतोडीपासून नोकरी-धंद्यापर्यंत अनेक कारणांनी इकडे आलेल्या मराठी घरांतली मुलं आता बारावी सायन्सला बसतात. इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी त्यांच्यापुढे तीन परीक्षा असतात. तिन्हींत बीजगणित येतं, पण पेपरची भाषा, वेळ आणि गुणांचा हिशेब तिन्हींचा वेगळा आहे.

कोणती परीक्षा कशी?

गुजकेट : गांधीनगरचं गुजरात माध्यमिक व उच्चतर माध्यमिक शिक्षण बोर्ड ही परीक्षा घेतं. पेपर ओएमआर शीटवर असतो. गणिताचे ४० प्रश्न, वेळ ६० मिनिटं. बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला पाव गुण वजा. पेपर गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत मिळतो, मराठीत नाही.

जेईई मेन : कॉम्प्युटरवर, तीन तासांत ७५ प्रश्न, त्यातले गणिताचे २५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. परीक्षेच्या १३ भाषांत मराठी आहे, मात्र मराठी पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. सुरतचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी, गुजराती यांचाच विचार करावा लागतो.

एमएचटी-सीईटी : महाराष्ट्राची परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीला मराठीचा पर्याय आहे, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. बारावी गुजरातमधून केली असेल तर महाराष्ट्रातल्या कोणत्या जागांसाठी पात्रता बसते, हे फॉर्म भरण्याआधीच बघून घ्यावं.

म्हणजे बारडोलीत राहून परीक्षा देणाऱ्या मुलाला गणित मराठीत सोडवायची संधी जवळपास नाहीच. जो मराठी माध्यमातून शिकला, त्याने अकरावीतच पेपरची भाषा ठरवून त्याच भाषेत सराव सुरू केलेला बरा. शेवटच्या महिन्यात भाषा बदलली की येणारं गणितही चुकतं.

शब्द सारखे, अर्थ वेगळे

गुजराती पेपर निवडणाऱ्याने हे शब्द आधी पक्के करावेत :

- वर्गसमीकरण म्हणजे गुजरातीत ‘द्विघात समीकरण’.
- समीकरणाची मुळे म्हणजे ‘बीज’. मराठी मुलं इथे हमखास अडखळतात.
- अंकगणिती श्रेढी म्हणजे ‘समांतर श्रेणी’.
- मॅट्रिक्स म्हणजे ‘श्रेणिक’. श्रेणी आणि श्रेणिक यांत गोंधळ करू नये.
- निश्चयक म्हणजे ‘निश्चायक’.
- बहुपदी, अवयव आणि विवेचक हे शब्द दोन्हीकडे तेच.

कुठल्या धड्यावर जोर द्यायचा?

गुजकेटचा भर बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकावर आहे. त्यात बीजगणित म्हणजे मुख्यतः मॅट्रिक्स आणि निश्चयक. जेईईला याशिवाय अकरावीचे धडेही लागतात : वर्गसमीकरणं, संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमचय-संचय, द्विपद प्रमेय. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो.

दोन नमुने

१) ‘अ’ हा ३×३ चा मॅट्रिक्स आहे आणि त्याच्या निश्चयकाची किंमत ४ आहे. तर ‘२अ’ च्या निश्चयकाची किंमत किती? घाईत बरेच जण ८ लिहितात. पण २ ने तिन्ही ओळी गुणल्या जातात, म्हणून २×२×२ = ८, आणि ८×४ = ३२. पर्यायांत ८ बहुतेक दिलेलाच असतो, तिथेच पाय घसरतो.

२) क्ष² − ७क्ष + १० = ० या समीकरणाच्या मुळांच्या वर्गांची बेरीज किती? मुळांची बेरीज ७, गुणाकार १०. म्हणून ७² − २×१० = २९. पडताळा : मुळं ५ आणि २, २५ + ४ = २९. इथे मुळं सहज निघतात, पण जिथे वर्गमुळातले आकडे येतात तिथे ही बेरीज-गुणाकाराची रीतच वेळ वाचवते.

वेळेचा आणि अंदाजाचा हिशेब

गुजकेटला एका प्रश्नामागे दीड मिनिट, एमएचटी-सीईटीला सुमारे १ मिनिट ४८ सेकंद मिळतात. जेईईत तिन्ही विषय धरून सरासरी २ मिनिटं २४ सेकंद येते. त्यामुळे घरी सराव करताना घड्याळ लावूनच बसावं. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न उरकायचे, अडलेल्यावर खूण करून पुढे जायचं.

गुजकेटला चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरी फायदा एका प्रश्नामागे ०.०६ गुणाच्या आसपास, म्हणजे नसल्यासारखाच. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर हाच फायदा ०.१७ च्या जवळ जातो, दोन पर्याय कटले तर ०.३७ च्या वर. म्हणून आधी पर्याय काटायला शिकावं, मग अंदाज करावा. एमएचटी-सीईटीत मात्र एकही प्रश्न कोरा सोडू नये.

चुकांची वही

रोज नवीन पन्नास गणितं करण्यापेक्षा चुकलेली दहा पुन्हा करणं जास्त कामाचं. वहीत तीन रकाने पाडावेत : सूत्र आठवलं नाही, चिन्ह चुकलं, प्रश्नाची भाषा कळली नाही. तिसरा रकाना भरत असेल तर गणित कच्चं नाही, भाषा कच्ची आहे. त्याला नवीन क्लास लावून उपयोग नाही; त्या भाषेतलं पुस्तक रोज मोठ्याने वाचणं हाच उपाय.

आणखी एक : गुजरातच्या इंजिनीअरिंग प्रवेशात गुजकेटसोबत बोर्डाचे गुणही धरले जातात. सीईटीच्या नादात बोर्डाची लेखी तयारी सोडू नये. तारखा, फी आणि नियम दरवर्षी बदलू शकतात. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका घरातल्या मोठ्यांसोबत बसून वाचावी.