मूळ गावाचे देणे

माळव्यात आठ-दहा पिढ्या काढलेल्या मराठी घरात आजही कुलदैवत विचारले, तर अनेकदा समुद्रकाठचे नाव ऐकू येते. कोणाचा गुहागरचा व्याडेश्वर, कोणाचा हरिहरेश्वर, कोणाचा वेळणेश्वर. आपली सर्वच घराणी कोकणातली नव्हेत. खुद्द होळकर नीरेकाठच्या होळ गावचे. तथापि ज्यांचे मूळ किनाऱ्यावर आहे, त्यांच्यापुढे अलीकडे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहू लागला आहे. सामाईक सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव निघते, वारसांचा शोध घेत जमिनीचा दलाल इंदूरपर्यंत येतो आणि ज्या गावी आपण कुलदैवताच्या दर्शनापुरते गेलो, तेथील हिस्सा विकावा की राखावा हे एका बैठकीत ठरवावे लागते. अशा गावांत बाहेर मिळवलेल्या पैशाने आजवर काय साधले, हे त्यापूर्वी इतिहासात पाहून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

आपले पूर्वज तेथून निघाले यात नवल नव्हते. पुढे समुद्र, पाठीशी सह्याद्री आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत भाताची खाचरे व नारळ-सुपारीची आगरे. कुटुंब वाढले की आगर पुरेनासे होई. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या मुलखातून घाटावर आले, १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यांचे पुत्र बाजीराव १७४० मध्ये आपल्याकडे नर्मदाकाठी रावेरखेडीस निवर्तले. एका किनारी गावापासून नर्मदेपर्यंतचे हे अंतर दोन पिढ्यांत कापले गेले. बाणकोट खाडीच्या मुखाजवळचे वेळास हे नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे गाव. ही माणसे परत राहावयास गेली नाहीत. पण गेलेल्यांचा पैसा देवळे, तळी आणि धर्मशाळा यांच्या रूपाने किनाऱ्यावर परतत राहिला.

या परतीच्या पैशाला नवा अर्थ दिला तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी. त्यांचे गाव दापोलीजवळचे मुरुड. जंजिऱ्याचे मुरुड ते वेगळे. हे गाव किती आडबाजूला होते, याची कल्पना एका प्रवासावरून येते. १८७५ मध्ये सतरा वर्षांचे कर्वे सार्वजनिक परीक्षेला बसण्यासाठी मुरुडहून साताऱ्यास निघाले. शंभरावर मैलांची वाट, वाटेत सह्याद्रीचा घाट, आणि सारा प्रवास पायी. तेथे पोचल्यावर, वय लहान दिसते म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. अशा गावातून शिकून बाहेर पडलेल्या मुलाने गाव विसरले असते, तर कोणी दोष दिला नसता. कर्व्यांनी १८८६ मध्ये, स्वतःची प्राप्ती बेताचीच असताना, ‘मुरुड फंड’ स्थापन केला. गावाबाहेर मिळवत्या झालेल्यांनी मिळकतीतला अल्पसा अंश गावच्या सार्वजनिक हितासाठी नेमाने बाजूला काढावा, ही त्यामागची कल्पना. येथे जमीन घ्यावयाची नव्हती, नफा वाटावयाचा नव्हता. गाव टिकावे एवढाच हेतू होता.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि ज्या मुरुडसाठी फंड काढला, त्याच मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे घरी उतरले, तर घरच्या मंडळींनाही वाळीत पडण्याची भीती होती. मूळ गाव म्हणजे निव्वळ माया आणि आंब्याची सावली नव्हे, हे आपण जुन्या आठवणींच्या भरात विसरतो. गावाने कृतज्ञ राहावे या अटीवर गावाचे काम होत नाही.

दूर राहून गावात पैसा गुंतविण्याची दुसरीही रीत होती, ती मालकीची. खोत व सावकार मुंबई-पुण्यास राहत, कुळे कसत आणि उत्पन्नाचा मोठा भाग मालकाकडे जाई. तिच्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९४९ मध्ये खोती कायद्याने संपली आणि कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक मानला गेला. आपल्या घरांतून ‘कुळांनी जमिनी खाल्ल्या’ असे उद्गार अजून निघतात. शासकीय सेवेत जमिनीचे कागद पाहण्यात आयुष्य गेलेल्या आम्हांस ते न्याय्य वाटत नाहीत. जो पाऊस झेलतो आणि बांध घालतो, त्याचे नाव कागदावर यावे, हेच रास्त.

यानंतर किनारा जवळ येत गेला. पूर्वी आगबोट हर्णैसारख्या बंदरासमोर उभी राही, उतारू होडीतून काठाला येत आणि पावसाळ्यात ही वाट बंदच पडे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्रवाटेचे भय त्या पिढीच्या मनातून गेले नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. ती किनाऱ्यापासून आत धावते, तरी खेडला उतरून दापोली गाठणे सोपे झाले. वाट सोपी होताच जमिनीला भाव आला. सागरी किनाऱ्याविषयीच्या १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध आले, ते पुढे २०११ व २०१९ मध्ये बदलले. मागणी मात्र थांबली नाही.

उलट उदाहरण वेळासचे. तेथे सागरी कासवांची अंडी पूर्वी चोरीस जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ती राखली. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी कासव महोत्सवाला पाहुणे येऊ लागले व गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले. तांदळाची भाकरी वाढणाऱ्या घरात पैसा राहिला. जमीन एक गुंठाही न विकता हे साधले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीची आगरे आडवी केली, तेव्हा तेथे राहणारा कोण आणि केवळ मालक कोण, हा भेद उघड झाला. पोफळ उत्पन्नावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. इतका धीर बाजारभाव पाहून जमीन घेणारा धरीत नाही; तो तेथे राहणाराच धरतो.

म्हणून सामाईक हिस्सेदारांस आमचे सांगणे एवढेच. सही करण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि वारसनोंद स्वतः पाहावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्कही मुलांइतकाच आहे, तो डावलू नये. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, तेव्हा गेलेला हिस्सा परत मिळणे कठीण. पण केवळ नाव राहावे म्हणून आगर पडीक ठेवणे हेही भूषण नव्हे. गावी राहून कसणारा भाऊबंद असेल, तर पहिला विचार त्याचा व्हावा. आणि इंदुरात एकाच गावची पाच घरे असतील, तर त्यांनी वर्षाकाठी थोडी रक्कम काढून तेथील शाळेसाठी किंवा मोडलेल्या आगरांच्या लागवडीसाठी पाठवावी. कर्व्यांनी १८८६ मध्ये हेच केले, आणि त्यासाठी त्यांना सातबाऱ्यावर नाव लागले नव्हते.