रेसिंग गेममधल्या गाड्या ‘बरोबरीच्या’ कशा केल्या जातात?

विदर्भातल्या शंकरपटात सगळ्या बैलजोड्या एकाच यादीत टाकून पळवत नाहीत. जोड्यांचे गट पाडले जातात. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी-कारंजा भागातली गवळाऊ ही चपळ चालीसाठी ओळखली जाणारी जात. तिच्या शेजारी ओझं ओढणारी जड जोडी उभी केली, तर निकाल सुटण्याआधीच कळतो आणि पाहणाऱ्यांची मजा जाते.

मोबाइल, कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशनवरच्या रेसिंग गेमसमोरही हाच प्रश्न असतो. तिथे तर शेकडो गाड्या असतात. त्यांची लढत बरोबरीची कशी करायची?

क्लास म्हणजे काय?

साधारण सारख्या ताकदीच्या गाड्यांचा गट म्हणजे क्लास. ‘फोर्झा होरायझन ५’ या २०२१ च्या गेममध्ये प्रत्येक गाडीला एक गुणांक दिलेला असतो. ५०० पर्यंतच्या गाड्या ‘डी’ क्लासमध्ये, ५०१ ते ६०० ‘सी’, ६०१ ते ७०० ‘बी’, ७०१ ते ८०० ‘ए’. त्यावर ‘एस१’, ‘एस२’ आणि सगळ्यात वर ९९९ गुणांकाचा ‘एक्स’.

गाडीचा वेग, पिकअप, ब्रेक आणि वळणावरची पकड यांचा हिशेब करून हा आकडा निघतो. इंजिन बदललं, चांगले टायर टाकले, वजन कमी केलं की आकडा वाढतो. त्यामुळे जुनी साधी गाडीही सुधारणा करून वरच्या क्लासमध्ये नेता येते.

मग एकच आकडा पुरत का नाही?

समजा, एका गाडीला ३०० अश्वशक्तीचं इंजिन आहे आणि तिचं वजन १,५०० किलो आहे. दुसरीला २०० अश्वशक्ती आहे, पण वजन फक्त १,००० किलो. दोन्हींमध्ये दर हजार किलोमागे २०० अश्वशक्ती येते. कागदावर दोघी सारख्याच.

आता वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारखा सरळ, रुंद ट्रॅक गेममध्ये आहे असं धरा. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो आणि अडथळा कापायला लागते ती एकूण ताकद. दोन्ही गाड्यांचा आकार सारखा धरला, तर ३०० अश्वशक्तीच्या गाडीचा कमाल वेग दुसरीपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त भरतो. लांब सरळ रस्त्यावर ती निघून जाते.

तोच ट्रॅक चिखलदऱ्याच्या घाटासारखा वळणावळणाचा केला, तर चित्र उलटं होतं. हलकी गाडी वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक मारू शकते आणि वळणातून लवकर बाहेर पडते. जड गाडीची जास्तीची ताकद वापरायला तिथे जागाच मिळत नाही.

म्हणजे गाडी एकटी वेगवान नसते. ती कुठल्या तरी ट्रॅकवर वेगवान असते. अनुभवी खेळाडू हीच फट शोधतात. गुणांक मर्यादेत ठेवून ट्रॅकला नेमकी बसणारी गाडी तयार करतात. अशी एखादी गाडी फारच वरचढ ठरली, की ऑनलाइन शर्यतीत जो तो तीच घेऊन उतरतो. गॅरेजमधल्या बाकी शेकडो गाड्या नुसत्या शोभेच्या उरतात.

यावर उपाय काय?

एक उपाय म्हणजे सगळ्यांना एकच गाडी देणं. लढत पूर्ण बरोबरीची होते, पण आवडती गाडी निवडण्याची मजा जाते.

दुसरा उपाय ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’चा, म्हणजे बीओपीचा. यात गाड्या वेगळ्याच राहतात, पण वेगवान गाडीची ताकद थोडी घटवतात किंवा वजन वाढवतात आणि मागे पडणारीला थोडी सूट देतात. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये बीओपी लागू असलेल्या शर्यतीत ताकद आणि वजन गेमच ठरवतो. शिवाय जास्त, मध्यम आणि कमी वेगाच्या ट्रॅकसाठी वेगवेगळे आकडे ठेवलेले असतात. एकच आकडा सगळीकडे चालत नाही, याचीच ही कबुली.

खऱ्या शर्यतीत असं होतं का?

होतं, आणि तिथेही वाद होतात. फ्रान्समधली ‘ल मां’ ही २४ तासांची शर्यत जून २०२३ मध्ये झाली. त्याच्या काही दिवस आधी आयोजकांनी वजनं बदलली. टोयोटाच्या गाड्यांवर ३७ किलो वाढवले, तर फेरारीवर २४ किलो. टोयोटाने त्याआधीची सलग ५ वर्षं ही शर्यत जिंकली होती. या वेळी फेरारी जिंकली आणि टोयोटा दुसरी आली. फेरारीचा विजय गाडीचा की वजनकाट्याचा, यावर चाहत्यांनी भरपूर वाद घातला.

बीओपीची मूळ अडचण हीच आहे. गाडी मागे पडली, तर दोष गाडीचा की चालवणाऱ्याचा, हे नेमकं वेगळं करता येत नाही. गेममध्ये हजारो शर्यतींची आकडेवारी हाताशी असते, तरी एका गाडीवर सगळे तरबेज खेळाडूच बसले, तर तिचे आकडे फुगतात. म्हणून अपडेटमागून अपडेट येत राहतात.

‘रबर बँडिंग’ म्हणजे हेच का?

नाही. काही गेममध्ये मागे पडलेल्या गाडीला शर्यत चालू असतानाच जास्त वेग मिळतो किंवा पुढची गाडी हळू होते. रबर ताणून सोडावं तसं अंतर पुन्हा कमी होतं. बीओपी शर्यतीआधी ठरतो आणि मग त्यात ढवळाढवळ होत नाही.

मोबाइलवर पैशाचा प्रश्न

आपल्याकडे बरेच जण मोबाइलवर खेळतात. तिथल्या अनेक फुकट गेममध्ये क्लास असतात, पण एकाच क्लासमधली, अगदी एकाच मॉडेलची गाडीसुद्धा सुधारणांमुळे खूप वेगवान होऊ शकते. त्या सुधारणा रोज खेळून हळूहळू मिळतात किंवा पैसे भरून लगेच. तेव्हा वरचं अक्षर सारखं दिसलं, तरी लढत बरोबरीची असेलच असं नाही.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. समोरच्याची गाडी किती सुधारलेली आहे, हे शर्यतीआधी दिसतं का? आणि सगळ्यांना सारख्याच ताकदीच्या गाड्या देणारा प्रकार त्या गेममध्ये आहे का? असेल, तर आपण नेमके किती चांगले चालवतो, हे तिथेच कळतं.