मडक्यातली बाटली

देवळीला आमच्याकडे फ्रिज नव्हता. उन्हाळ्यात आजीची इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायची, हे काम माझं. श्रोतेहो, ही बाटली येण्याआधी मधुमेही मुलांवर उपाय होता तो उपासमारीचा!

१८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. पण त्या ग्रंथीतलं औषध टोरांटोच्या बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती लागायला १९२१ उजाडलं. ११ जानेवारी १९२२ला १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, ते जवळजवळ वायाच गेलं. अर्क अशुद्ध होता. कॉलिप नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ तारखेपासून मुलाची साखर उतरू लागली. नोबेलच्या यादीत कॉलिपचं नाव नाही, हे मला अजून खटकतं.

१९२३ मध्ये याच ग्रंथीतलं ग्लुकागॉन सापडलं. इन्शुलिन साखर उतरवतं. हे यकृतातला साठा मोकळा करून ती चढवतं. मधुमेह जुना झाला, की अनेकांत ही साथ तुटते. आजीला भरदुपारी दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि आई गुळाचं पाणी घेऊन धावायची.