अतिस्थौल्याचा प्राचीन उपचारक्रम : चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या पाठांची तुलना

१. वैद्यकाचीं जुनीं बाडें चाळतांना संग्राहकाची दृष्टि प्रथम औषधयोगांवर जाते. चूर्णें, गुटिका व काढे यांचीं पानें जपून ठेवलीं जातात. पथ्यापथ्याचीं सुटीं पानें किरकोळ म्हणून बाजूस पडतात. मेदोरोगाच्या बाबतींत तरी ही निवड उलटी आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. संहितांतील कर्शनक्रमाचा कणा आहार व व्यायाम हा असून औषध हें त्याचें साहाय्यक अंग होय. विवेचनासाठीं यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेल्या निर्णयसागराच्या आवृत्त्या, सुश्रुताची १९३८ ची व चरकाची १९४१ ची, आधारास घेतल्या आहेत.

२. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत आठ निंदित पुरुष सांगितले आहेत. पैकीं अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाच पुढें विस्तारानें विचार आहे. आयुष्याचा ऱ्हास, हालचालींतील मंदपणा, मैथुनांत अडचण, दौर्बल्य, दुर्गंधि, घामाचा त्रास, अति भूक व अति तहान हे अतिस्थूलाचे आठ दोष. कारणांत अतिभोजन, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा निद्रा, नित्य हर्ष व निश्चिंतपणा यांच्या जोडीस बीजस्वभावही दिला आहे. हें शेवटचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. स्थूल मनुष्याचा सारा दोष त्याच्या जिव्हेवर न लादतां, आईबापांकडून आलेल्या बीजाकडेही आचार्यांनीं त्याचा वांटा दिला आहे.

रोग वाढतो कसा, याची उपपत्तिही तेथेंच आहे. मेदानें मार्ग अडल्यामुळें वायु कोठ्यांत फिरतो व अग्नि प्रदीप्त करितो. अन्न लवकर जिरतें व पुनः भूक लागते. म्हणून केवळ उपाशी ठेवण्यानें कार्य साधत नाहीं. जें गुरु असून शरीराचें तर्पण करीत नाहीं, असें अन्न द्यावें, हा चरकाचा सिद्धांत. टीकाकार चक्रपाणिदत्त येथें मधाचें उदाहरण देतो : गुरुत्वामुळें तो वाढलेल्या अग्नीस पुरतो, अतर्पण असल्यानें मेद हटवितो. मात्र तापविलेला मध चरकानें अन्यत्र निषिद्ध ठरविला आहे. तेव्हां कढत पाण्यांत मध घेण्याच्या हल्लींच्या प्रघातास या ग्रंथाचा आधार सांगतां येत नाहीं.

या उपपत्तीशीं तुलना करण्याजोगें एक पाश्चात्य उदाहरण आहे. लंडनच्या विल्यम बँटिंगनें १८६३ सालीं स्थूलतेवर एक पत्र छापून प्रसिद्ध केलें. पूर्वीं त्यानें वल्हीं मारण्याचा व्यायाम केला. त्यानें अंगीं बळ आलें, पण भूकही तितकीच वाढली. पुढें १८६२ च्या ऑगस्टांत, वजन २०२ पौंड असतां, डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्यानें पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य केल्यावर वर्षभरांत तें सुमारें ४६ पौंडांनीं उतरलें. भुकेला आवर न घालतां केलेला व्यायाम फळत नाहीं, हा त्याचा अनुभव चरकाच्या अग्निविचाराशीं जुळतो. यावरून एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें मात्र कोणीं समजूं नये.

३. चरकानें दिलेलीं धान्यें ओळखीचीं आहेत. श्यामाक म्हणजे सावा, कोद्रव म्हणजे हरीक, यव म्हणजे जव, कुलत्थ म्हणजे हुलगे, आढकी म्हणजे तूर. त्यांच्या जोडीस मूग, पडवळ व आवळा. जूर्णाह्व हा जोंधळा असें मानतात. प्रियंगु या शब्दापाशीं मात्र सावध राहिलें पाहिजे. औषधवर्गांत याच नांवाची गहुला ही वनस्पति येते; परंतु येथें तो शब्द धान्यांच्या रांगेंत असल्यामुळें राळा हाच अर्थ घेणें प्राप्त आहे. स्थान न पाहतां केवळ निघंटूवरून अर्थ लाविल्यास पथ्याचें धान्य औषध होऊन बसतें.

याच ठिकाणीं जागरण, व्यवाय, व्यायाम व चिंतन हीं क्रमाक्रमानें वाढवावीं, असें सांगितलें आहे. सर्व भर या क्रमावर आहे. सुश्रुतही चिकित्सास्थानांत व्यायामाची मर्यादा बलाच्या अर्ध्यावर ठेवितो.

४. सुश्रुताच्या प्रमेहचिकित्सेंत हा क्रम अधिक कठोर झाला आहे. प्रमेही दोन प्रकारचे : सहज व अपथ्यानें झालेला, पहिला बहुधा कृश, दुसरा स्थूल. वाढलेल्या प्रमेहावर व्यायाम, कुस्ती, खेळ, हत्ती-घोड्यावरील रपेट व पायीं चालणें विहित आहे. निर्धनानें पादत्राण व छत्र टाकून, भिक्षा मागून, एका गांवीं एकच रात्र राहून मुनीप्रमाणें शंभर योजनें किंवा अधिक चालावें. धनवानानें सावा व देवभात खाऊन, आंवळा, कवठ, टेंभुर्णी इत्यादि फळांवर राहून मृगांच्या संगतींत वसावें. गाईंमागें हिंडावें, ब्राह्मणानें शिलोंच्छवृत्ति धरावी, इतरानें नांगर धरावा किंवा विहीर खणावी. आणि इतकें सांगून झाल्यावर एकच लहानसें वाक्य येतें : कृशाचें मात्र सदैव रक्षण करावें.

५. वाग्भटानें अष्टांगहृदयांत हाच गद्यखंड थोड्या श्लोकांत आटोपला. छत्र-पादत्राणांचा त्याग, शंभर योजनें व गाईंबरोबर भ्रमण हें त्यानें राखलें; विहिरीच्या जागीं जलाशय आला; शिलोंच्छ व नांगर यांचा भेद गळाला. परंतु कृशाचा अपवाद त्यानें सोडला नाहीं. उलट मेद व मूत्र न वाढविणाऱ्या अन्नौषधांनीं त्याचें पोषण करावें, असें स्पष्ट केलें. ग्रंथ संक्षेपतांना काय टाकलें यापेक्षां काय टाकवलें नाहीं, यावरून संक्षेपकाच्या मतें मर्म कोठें होतें तें कळतें. पुढें अकराव्या शतकांतील चक्रदत्तांत आहार-विहार आरंभींच्या थोड्या श्लोकांत येऊन औषधयोगांचा विस्तार होतो. तरी पहिला मान आहार-विहारासच आहे.

६. तात्पर्य, हा उपचार सर्वांस सारखा लावण्याचा नव्हे. रोगी स्थूल कीं कृश हें आधीं पाहावें, मग अन्न बदलावें, श्रम हळूहळू वाढवावे. वरील वाक्य ज्या पानावर आहे तें हरवलें, तर उरलेला योग कृश रोग्याच्या जिवावर बेतेल. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, बाडांतून सावा, हरीक, हुलगे अशीं नांवें लिहिलेला एखादा सुटा कागद हातीं आल्यास तो वाण्याची यादी समजून टाकूं नये. बाडांतील त्याची जागा टिपून ठेवून मगच तो वेगळा काढावा.