कार्मू आणि त्रिंदाद

एखाद्या समाजाने काय भोगले, हे त्याच्या इतिहासग्रंथांइतकेच त्याच्या रोजच्या बोलण्यातूनही कळते. पोर्तुगीज माणूस आपली अडचण कोणत्या शब्दांत सांगतो, हे पाहताना आम्हांला याची प्रचिती आली.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बनमधील ख्रिस्तमंदिरे सकाळच्या मिस्सेसाठी भरली असतानाच धरणीकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे दगावली. कार्मू आणि त्रिंदाद हे दोन मठ उद्ध्वस्त झाले. कार्मूच्या मंदिराच्या छपराविना उभ्या असलेल्या कमानी आजही पाहावयास मिळतात. 'कार्मू आणि त्रिंदाद कोसळले' हा वाक्प्रचार लोक याच संकटाशी जोडतात. मोठा अनर्थ ओढवला, असा त्याचा अर्थ. परंतु पुष्कळदा तो नकारार्थीच योजला जातो : 'अरे, कार्मू आणि त्रिंदाद काही कोसळले नाहीत!' एका पिढीचा आकांत पुढील पिढ्यांसाठी धीराचा शब्द झाला.

स्वतःचे दुःख मात्र ते हळू आवाजात सांगतात. 'कुश्तार' या क्रियापदाचे अर्थ दोन : किंमत पडणे आणि जड जाणे. 'कुश्ता-मे' म्हणजे 'मला जड जाते'. आपल्या मराठीप्रमाणेच येथेही सोसणारा वाक्याचा कर्ता नसतो. जड जाणारी गोष्ट कर्ता होते. अतिशय हालअपेष्टा सोसलेल्या माणसाविषयी, 'सैतानाने मळलेला पाव त्याने खाल्ला,' असे म्हणतात. जो तो आपापला क्रूस वाहतो, हेही त्यांच्या नित्याच्या बोलण्यातले. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. 'पाव' आणि 'क्रूस' हे दोन्ही शब्द आपल्या मराठीला पोर्तुगीज भाषेनेच दिले.

'कसे आहात?' या प्रश्नाला पोर्तुगालमध्ये हमखास मिळणारे उत्तर म्हणजे 'वाय-से आंदांदु'. शब्दशः अर्थ, 'चालणे चालू आहे'. त्यात 'मी' नाही, तक्रार नाही. पण सारे ठीक आहे, असेही त्यात म्हटलेले नाही. ऐकणाऱ्याने थांबून आणखी विचारावे, एवढी फट त्यात ठेवलेली असते.

हे वाचताना आम्हांला आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ आठवले. मिस्सेनंतर मंदिराच्या दाराशी आम्ही त्यांना विचारीत असू, "कसं काय, बाबा?" "चाललंय, फादर," ते म्हणत. आम्ही हसून पुढच्या कुटुंबाकडे वळत असू. अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची शुश्रूषा ते तीन वर्षे एकट्याने करीत होते, हे आम्हांला तिच्या अंत्यविधीच्या दिवशी कळले.

त्यांनी आम्हांला दर रविवारी सांगितले होते. आम्हांलाच ते ऐकू आले नव्हते.