शाळेच्या दारात उभा बाप

मी सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला आहे. तिसरी पाळी सुटली की घरी येऊन दोन तास वाचतो, मग झोपतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे शिकलो ते विहारातल्या कपाटातनं आणि रद्दीच्या दुकानातनं. तेव्हा मित्रांनो, हा लेख प्रोफेसरचा नाही. पण आमच्या सातारा-सांगलीचा एक इतिहास कुणी सलग सांगत नाही, म्हणून मी सांगतोय. तो शाळेच्या दारात उभ्या राहिलेल्या आईबापाचा इतिहास आहे.

मी तिसरीत असताना आबाला शाळेत बोलावणं आलं. आबानं चपला पायरीखाली काढल्या, टोपी हातात घेतली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. कुणी बाहेर थांब म्हणालं नव्हतं. गुरुजी बोलत होते आणि आबा मान हलवत होता. शेवटी एवढंच बोलला, "मारा गुरुजी, पण शिकवा." मी शेवटच्या रांगेत का बसतो, मला फळ्यावरचं दिसत नाही, हे आबाला ठाऊक होतं. विचारलं नाही. घरी येताना मला त्याचा राग आला. आज येत नाही. आबाच्या तोंडाला कुलूप कुणी लावलं, ते मी नंतर वाचलं.

सुरुवात धारवाडपासून करू. १८५६ साली तिथल्या एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत घ्या म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनं म्हटलं, एकासाठी बाकीची पोरं शाळा सोडून जातील, नाही घेता येत. प्रकरण वर गेलं. १८५८ साली लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांनी कळवलं की सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या आहेत. झालं, नियम आला. पण नियम लंडनहून धारवाडला पोचला तरी ओसरीवरून वर्गात जायला त्याला पुढची शंभर वर्षं पुरली नाहीत. शाळेत घेणं वेगळं आणि शाळेत बसू देणं वेगळं.

त्याचा पुरावा साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका पोराचं नाव दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हार घालतात, भाषणं करतात. पण त्या दिवसांत बाबासाहेब कशावर बसले? गोणपाटावर. वर्गाच्या कोपऱ्यात, एकटे. ते गोणपाट शाळेचा झाडूवाला शिवत नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तर प्यायचं. मास्तरनं परवानगी दिली तरी शिपाई जाग्यावर नसला तर पोरगं तहानलेलं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आता यातली गोम बघा. ह्या पोराचा बाप कोण? सुभेदार रामजी. पलटणीतला पेन्शनर आणि लष्करी शाळेत वर्षानुवर्षं हेडमास्तर राहिलेला माणूस. हेडमास्तरचा पोरगा गोणपाटावर! म्हणजे बाप अडाणी होता म्हणून पोराचे हाल झाले, असं म्हणायची सोय नाही. शाळेचा खरा कायदा रजिस्टरात नव्हताच. तो गोणपाटात होता, नळात होता, शिपायाच्या मर्जीत होता. ह्या बारीकसारीक नियमांना कुणी धोरण म्हणत नाही. पण पोराचं आयुष्य ह्यांनीच ठरतं.

मग खेड्यातल्या बापाचं काय? आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तिथले शंकरराव खरात पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण त्यांच्या घरी तराळकी होती. तराळकी म्हणजे रात्री-अपरात्री गावची हाक आली की उठून जायचं. टपाल पोचवायचं, सांगावा न्यायचा आणि त्याबदल्यात बलुतं मागायचं. आता सांगा, ज्याच्या खळ्यावर दाणे मागायचे त्याच्याच शब्दावर शाळा चालते. त्या शाळेत जाऊन बाप काय विचारणार? सकाळी प्रश्न विचारला तर संध्याकाळी बलुतं बंद. आबाच्या तोंडाचं कुलूप ते हेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते उगीच नाही. वतन संपवणारा कायदा १९५८ साली झाला. आबाच्या बापानं ती गावकी केली होती. बलुतं गेलं, पण वाकलेली मान एका पिढीत सरळ होत नाही.

वाळवा तालुक्यातलं वाटेगाव घ्या. आज सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ ला साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. ह्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी मांगाच्या घरी अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत गेले दीड दिवस. बापाबरोबर पायी मुंबई गाठली. तिथं गिरणीत राबले, पाट्या आणि पोस्टरं वाचत अक्षर पक्कं केलं आणि १९५९ ला 'फकिरा' दिली. ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपण दीड दिवसाचं कौतुक सांगतो. मी म्हणतो, कौतुक अण्णांचं करा, दीड दिवसाचं करू नका. ज्या शाळेतनं असा माणूस दीड दिवसात बाहेर पडतो, त्या शाळेला जाब विचारायला हवा होता. आणि ज्यांना दीड दिवसानंतर अक्षरच भेटलं नाही, त्यांची तर नावंही आपल्याकडं नाहीत.

बापाला बोलता येत नव्हतं, तेव्हा काही जण त्याच्या वतीनं बोलले. इस्लामपुरात एक पोरगं वर्गाबाहेर बसवलेलं भाऊराव पाटलांनी पाहिलं. त्यांनी त्याला कोल्हापूरला नेलं आणि मिस क्लार्क वसतिगृहात ठेवलं. ते ज्ञानदेव घोलप. पुढं 'मूकनायक'चे संपादक झाले. ह्याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह उघडलं. तिथं सगळ्या जातीची पोरं एका चुलीवरचं जेवली. शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपली पोरं सगळ्यांच्या शाळेत घ्यायला लावली. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. त्यात सार्वजनिक पाणवठे आणि सार्वजनिक शाळा एकाच ठरावात होत्या. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावं लागलं. धडा हाच की ठराव दुसऱ्यानं केला तरी पाणी आपल्याला जाऊन प्यावं लागतं.

आता आजचं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ नं शाळा व्यवस्थापन समिती आली. समितीत पाऊणभाग आईबाप असायला पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. वंचित घटकातल्या पोरांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. अध्यक्ष पालकांतला, हेडमास्तर सचिव. कलम १७ नं मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. शाळेतला आहार शिजवायच्या कामात दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, हे सुप्रीम कोर्टानं २० एप्रिल २००४ ला सांगितलंय. म्हणजे उंबऱ्याबाहेर उभा असलेल्या आबाला कायद्यानं आत खुर्ची दिली.

खुर्चीवर कोण बसतं? माझी अक्का भाच्याच्या शाळेच्या समितीत आहे. दोन वर्षं वही घरी यायची. "सही करा ताई" म्हणायचे, अक्का करायची. मी एकदा वही वाचली. बैठक झाली, चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर. झालेल्या बैठकीला अक्का तर शेतात होती! मी तिला सातारचं गोणपाट सांगितलं. ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात मजुरी बुडवून बैठकीला गेली. मी दाराशी उभा होतो.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा की."

"संडासात पाणी टाकायला दरवेळी आमच्या आळीचीच पोरं का वं?"

सगळे गप्प. गुरुजी म्हणाले, "ताई, पोरं आपणहून करतात."

"मग वरच्या आळीची आपणहून का करत न्हाईत? संडास धुणं हे कुठल्याच पोराचं काम न्हवं. वर्ग झाडायचा तर हजेरी नंबरानं झाडा. पयल्या नंबरापासनं. आन् हे वहीत लिवा."

गुरुजींनी लिहिलं. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. वरच्या आळीतल्या दोघींनी अक्काशी बोलणं टाकलं. ज्या रानात ती खुरपायला जायची तिथनं आठ दिवस बोलावणं आलं नाही. बलुत्याची आठवण झाली मला. पण तक्ता भिंतीला लागला. भाच्याचा नंबर अठरावा आहे. अठराव्या दिवशीच तो झाडू धरतो.

मित्रांनो, आपण जयंतीची वर्गणी काढतो, मिरवणुकीला दोन रात्री जागतो. जागायलाच पाहिजे. पण आपल्यातल्या किती जणांनी आपल्या वस्तीतल्या शाळेची ती वही उघडून बघितलीय? पोरं कुठल्या रांगेत बसतात, पाण्याच्या टाकीला हात कोण लावतं, खिचडी कोण शिजवतं आणि कोण वाढतं, झाडू कुणाच्या हातात आहे? चारच प्रश्न आहेत. महिन्याच्या बैठकीला आपल्या आयाबायांच्या बरोबर जा. बोलायचं त्यांनी, तुम्ही नुसते संगं बसा. ज्या दिवशी बैठकीमुळं त्यांची मजुरी बुडते, त्या दिवसाचे पैसे वस्तीनं काढा.

मी पाळीवर असतो तेव्हा साच्यावर एक धागा तुटला की लगेच जोडावा लागतो. उद्या जोडू म्हटलं की अख्खी बॉबिन वाया जाते.

आबा आता थकलाय. अक्कानं काय विचारलं ते त्याला सांगितलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत जाऊन इचारलं का दारातनं?"

म्हटलं, "आत जाऊन. खुर्चीवर बसून."

जयभीम.